विरुद्धार्थी लिहा

बिबवेवाडीत, चिंतामणीनगरच्या चढावर
दंडवत्यांचं झेरॉक्सचं दुकान,
त्यात मागच्या बाजूला एक टेबल.
संध्याकाळी सात ते साडेआठ ते माझं.
लहानू खिलारे येतात. वय बावन्न.
खराडीला एका कंपनीत गेटवर असतात, रात्रपाळी.
सुपरवायझर म्हणाला, इंग्लिश शिका,
नाहीतर खालच्या पार्किंगला टाकतो.

पुस्तक अप्पा बळवंत चौकातलं, पंचवीस रुपयांचं.
पान चौदा.
डावीकडे शब्द, मध्ये छापील फुली,
उजवीकडे रिकामी रेघ.

इन × आउट. हे रजिस्टरमुळे पाठ.
पुश × पुल. काचेच्या दारावर रोज वाचतात.
"आणि लोक रोज उलटंच करतात."
हेवी × लाइट.
लाइट ×
"गेली," खिलारे म्हणाले.
मी पेन उचललं, परत ठेवलं.
डार्क लिहायचं असतं,
पण आमच्याकडे मंगळवारपासून खरंच गेलेली.

हाफ डे?
"डबल ड्यूटी."
पुस्तकात फुल डे दिलंय.
"पुस्तकवाल्याला वीकली ऑफ असेल, मॅडम."

मग मिस.
बस मिस होते, कॉल मिस होतो,
तिथे कॅच लिहा, म्हटलं, चालेल.
मला मात्र अख्खी शाळा मिस म्हणायची, एकतीस वर्षं.
त्या मिसचा विरुद्धार्थी घरच्यांनी बराच शोधला,
काका तर साताऱ्यापर्यंत जाऊन बघून आले.
पुढचा शब्द.

पान उलटलं की वाक्यं.
लाँग टाइम नो सी.
"परत आलात?"
टेक युवर टाइम.
"गाडी पुढे घ्या, गाडी पुढे घ्या."
हॅव अ नाइस डे.
इथे ते थांबले.
हे वाक्य ते सकाळची शिफ्ट लागली की
दोनेकशे वेळा म्हणतात, मोजून सांगितलं.
मी विचारलं, उलट कुणी काही म्हणतं का?
"उलट? छे.
उलट बोलायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलंय."
मी दुसऱ्या अर्थाने विचारलं होतं.
तेही बहुतेक दुसऱ्याच अर्थाने बोलले.

साडेआठला दंडवते उठले,
मशीनवर प्लास्टिक टाकलं,
"चला, दुकान वाढवतो."
शटर अर्ध्यावर आलं आणि खिलारे हसायला लागले.
ओपनचं उलट क्लोज,
आणि आपल्यात क्लोजला वाढवणं!
परवा वहिनींची बांगडी ह्याच शटरला लागली,
तीसुद्धा वाढलीच म्हणायची.
नारळ फुटत नाही, वाढतो.
दंडवते म्हणाले, एवढं सगळं वाढतंय
तर भाडं भरताना दिसत कसं नाही?

मी पर्स शोधत होते.
डोक्यात त्या पुस्तकवाल्याचंच चाललेलं,
की त्याने कधी आमच्या बोलण्याचं पुस्तक काढलं
तर मधली फुली छापेल कुठे?
एकाच शब्दाच्या पोटात?

पान चौदावरचा शेवटचा शब्द राहिला होता.
घरी करून आणा, म्हटलं.
खिलाऱ्यांनी डबा पिशवीत टाकला,
शिट्टी खिशात आहे का चाचपलं,
शटरखालून वाकून बाहेर गेले
आणि बाहेरून, नुसते पाय दिसत असताना,
म्हणाले, "येतो मॅडम."

दुसऱ्या दिवशी वही उघडली.
गो ×
आणि पुढे, रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर लिहितात
तशा ठळक अक्षरात, दोनदा गिरवून:
येतो.

लाल पेन हातातच होतं.
एक फुली छापलेली होतीच मध्ये,
मी दुसरी मारली नाही.
झेरॉक्सचे सहा रुपये तेवढे राहिलेत त्यांच्याकडे.